पाच सेकंदांनी परत येणारा सूर

विंडोज ९५ चालू होताना एक आवाज यायचा, आठवतो? सहा-सात सेकंदांचा, थोडा गूढ, पाण्यात काचेचे मणी सोडावेत तसा. आमच्या कॉलेजसमोरच्या सायबर कॅफेत दहा मशीन एकामागून एक चालू व्हायची आणि तो आवाज खोलीभर फिरायचा. तो ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकारानं केला होता. केला तोही अ‍ॅपलच्या मॅकवर, हे त्यानंच नंतर सांगून टाकलं. मग २००७ मध्ये विस्टा आली. तिच्या सुरुवातीच्या चार सुरांसाठी मायक्रोसॉफ्टनं रॉबर्ट फ्रिप नावाच्या गिटारिस्टला बोलावलं होतं. विस्टा फारशी कुणाला आवडली नाही, पण तो आवाज विंडोज ७ मध्येही टिकला. म्हणजे फ्रिपची गिटार आपल्याकडच्या बँकांत, तहसील कचेऱ्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षं रोज सकाळी वाजत होती, आणि ती त्याची आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. हा लेख त्याच फ्रिपच्या 'एक्स्पोजर' या अल्बमबद्दल.

हे दोघं सप्टेंबर १९७२ मध्ये लंडनच्या मेडा व्हेल भागात ईनोच्या घरी भेटले होते. त्या संध्याकाळी ईनोनं दोन टेपरेकॉर्डर एकमेकांना जोडून ठेवले होते. फ्रिपनं गिटार लावली आणि वाजवायला लागला. जे तयार झालं ते वीस मिनिटांहून लांब होतं. पुढच्या वर्षी ते एका रेकॉर्डची पूर्ण बाजू म्हणून बाजारात आलं. खपलं फारसं नाही. पण 'एक्स्पोजर' त्या दोन यंत्रांशिवाय झालाच नसता.

'एक्स्पोजर' आला १९७९ मध्ये. त्यात गाणी आहेत आणि स्टुडिओत उत्स्फूर्तपणे वाजवलेले तुकडे आहेत, आणि दोन्ही इतकी एकमेकांत शिरलेली आहेत की पहिल्यांदा ऐकताना काय चाललंय तेच कळत नाही. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सहाव्या ट्रॅकला बंद केला होता. नंतर ती यंत्रं कशी चालतात हे समजलं, आणि अल्बम उलगडला. म्हणून इथे आधी यंत्र आणि मग गाणी.

पण त्याआधी माणूस. फ्रिप १९४६ चा, इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातला. १९६९ पासून किंग क्रिम्झन या बँडचा कणा. सप्टेंबर १९७४ मध्ये, बँड जोरात असताना, त्यानं तो मोडला आणि धंद्यातून बाहेर पडला. १९७५-७६ मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या शेरबोर्न हाऊस इथे दहा महिन्यांच्या निवासी अभ्यासक्रमाला गेला. गूढवादी गुरू गुर्जिएफ यांचे शिष्य जे. जी. बेनेट यांनी काढलेली ही संस्था. ध्यान, श्रम, शिस्त असा सगळा कारभार. खुद्द बेनेट १९७४ च्या शेवटी वारले होते, त्यामुळे फ्रिपला ते भेटले ते टेपवरच्या भाषणांतून. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

१९७७ मध्ये तो न्यूयॉर्कला राहायला गेला. त्याच जुलैत ईनोनं फोन करून त्याला बर्लिनला बोलावलं. तिथे भिंतीजवळच्या हान्सा स्टुडिओत इंग्लिश गायक डेव्हिड बोवीचं काम चालू होतं. 'हीरोज' या गाण्यात गिटारचा जो लांबच लांब, न तुटणारा सूर आहे तो फ्रिपचा. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीनं सांगितलेली त्याची गोष्ट मला फार आवडते. स्पीकरच्या समोर गिटार धरली की स्पीकरचा आवाज तारांना हलवतो, तारा पुन्हा स्पीकरला आवाज देतात आणि सूर थांबतच नाही. फ्रिपनं शोधून काढलं की कुठला सूर असा टिकेल हे स्पीकरपासून आपण किती अंतरावर उभे आहोत यावर ठरतं. मग त्यानं जमिनीवर टेपचे तुकडे चिकटवून खुणा केल्या. या सुराला इथे, त्या सुराला तिथे. आणि गाणं चालू असताना तो या खुणेवरून त्या खुणेवर सरकत राहिला.

दोन यंत्रं आणि मधली दोरी

आता यंत्र. ज्यांनी फक्त कॅसेट पाहिली आहे त्यांच्यासाठी: स्टुडिओतले टेपरेकॉर्डर रिळाचे असत. डावीकडे भरलेलं रीळ, उजवीकडे रिकामं. टेप डावीकडून उजवीकडे जाते आणि वाटेत तीन हेडवरून घासत जाते. पहिलं हेड जुनं पुसतं, दुसरं नवं लिहितं, तिसरं लिहिलेलं वाचून ऐकवतं.

ईनोनं काय केलं, तर असे दोन रेकॉर्डर शेजारी शेजारी ठेवले. रिव्हॉक्स कंपनीचे, ए७७ मॉडेलचे. डाव्या मशीनवर भरलेलं रीळ लावलं, पण टेप त्याच मशीनच्या उजव्या रिळावर गुंडाळली नाही. ती तशीच पुढे नेली आणि दुसऱ्या मशीनवरून घालून तिथल्या रिकाम्या रिळावर गुंडाळली. दोन यंत्रांच्या मध्ये टेप हवेत ताणलेली, दोन खिळ्यांना बांधलेल्या वाळणाच्या दोरीसारखी. डावं मशीन लिहितं. उजवं मशीन वाचतं. आणि उजव्यानं वाचलेलं एका वायरनं परत डाव्याच्या तोंडाशी आणून सोडलेलं.

आता हिशेब करू. टेपचा वेग सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे १९ सेंटिमीटर. लिहिणाऱ्या हेडपासून वाचणाऱ्या हेडपर्यंत टेपचं अंतर समजा ९५ सेंटिमीटर ठेवलं. म्हणजे डावीकडे लिहिलेला सूर उजवीकडे पोचायला बरोबर पाच सेकंद लागतील. यंत्रं जवळ आणली की वेळ कमी, लांब सरकवली की जास्त. या सगळ्या संगीताची लय ठरते ती टेबलावर दोन पेट्यांमध्ये किती अंतर आहे यावरून. फ्रिप साधारण तीन ते पाच सेकंदांच्या फेऱ्यात काम करायचा.

तुम्ही सा वाजवलात. पाच सेकंदांनी तो सा उजव्या मशीनमधून ऐकू येतो. त्याच क्षणी तुम्ही ग वाजवलात. आता डाव्या मशीनवर परत आलेला सा आणि नवा ग असे दोन्ही एकत्र लिहिले जातात. आणखी पाच सेकंदांनी सा आणि ग बरोबर येतात, तुम्ही प वाजवता. अर्ध्या मिनिटात एकटा माणूस सहा जणांएवढा झालेला असतो.

पण आलेला सूर कायम राहत नाही, आणि खरी मजा इथेच आहे. रहाटगाडगं पाहिलंय ना? मडकी भरून वर येतात, पाणी पाटात ओततात, उरलंसुरलं घेऊन खाली जातात, पुन्हा भरतात. इथे तसंच. उजवीकडून परत येणारा आवाज किती ठेवायचा याचं एक बटण असतं. समजा दर फेरीला ८० टक्केच परत घ्यायचा असं ठरवलं. तर पाच फेऱ्यांनंतर, म्हणजे २५ सेकंदांनी, पहिल्या सा चा एक तृतीयांशाहून थोडा कमी आवाज उरतो. दहा फेऱ्यांनंतर दहा टक्क्यांच्या आसपास. तो गेलेला नसतो, पण मागे, खाली, धुक्यात असतो. बटण पूर्ण उघडं ठेवलं तर काहीच विरत नाही, थरावर थर चढत जातात आणि शेवटी सगळ्याचा गोंगाट होतो. बटण फार बंद केलं तर नुसता प्रतिध्वनी उरतो. वाजवणाऱ्याची अर्धी कला त्या बटणावरच्या बोटात असते.

शिवाय टेप काही प्रामाणिक कारकून नाही. दर फेरीला ती थोडं खाते. तीक्ष्ण, वरचे कंप आधी जातात, थोडी खरखर भरते. त्यामुळे जुना सूर नुसता हलका होत नाही, तो मऊ आणि गोलसर होत जातो. आजच्या डिजिटल यंत्रात पन्नासावी फेरी पहिलीइतकीच लखलखीत असते. ती मला ऐकवत नाही, पण ते जाऊ दे.

आणखी एक गोष्ट. गिटारचा स्वभाव असा की तार छेडली की आधी 'टण्' आणि मग सूर उतरत जातो. सतारीचंही तेच. असे 'टण् टण्' पाच सेकंदांनी परत यायला लागले तर घड्याळाचं दुकान होईल. म्हणून फ्रिप आवाज फझ यंत्रातून नेऊन जाड आणि लांब करायचा, आणि पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलनं 'टण्' कापून टाकायचा. तार छेडताना पेडल वर, म्हणजे आवाज बंद; छेडून झाल्यावर हळूच खाली दाबायचं. सूर कुठून सुरू झाला कळतच नाही, व्हायोलिनचा गज अलगद टेकावा तसा तो येतो. 'एक्स्पोजर' ऐकताना अनेकांना वाटतं की मागे सिंथेसायझर आहे किंवा तंतुवाद्यांचा ताफा आहे. बहुतेक ठिकाणी ती एकच गिटार असते.

या पद्धतीला 'फ्रिपरट्रॉनिक्स' हे नाव दिलं फ्रिपची त्या वेळची मैत्रीण, कवयित्री जोआना वॉल्टन हिनं. अल्बममधल्या काही गाण्यांचे शब्दही तिचेच. डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर बॉम्बस्फोटानं पडलेल्या विमानात ती होती.

नाव फ्रिपचं असलं तरी कल्पना त्याची नव्हे, ईनोचीही पहिली नव्हे. अमेरिकन संगीतकार टेरी रायलीनं १९६३ मध्ये पॅरिसला रेडिओच्या स्टुडिओत दोन टेपरेकॉर्डर असेच जोडून घेतले होते आणि त्यातून जाझ वादक चेट बेकरचा ट्रम्पेट फिरवला होता. अमेरिकन संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरॉसही साठच्या दशकात हेच करत होती. आता इथे मराठी माणसाचे कान टवकारतील अशी गोष्ट आहे. टेरी रायली १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचा गंडाबंध म्हणावा असा शिष्य होता. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकलेले. म्हणजे मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचंच घराणं, भीमसेन जोशींचंही तेच. संथ, एकेका सुरावर बसकण मारणारी आलापी ही किराण्याची ओळख. पण घाई करू नका. रायलीचा पॅरिसचा प्रयोग प्राणनाथ भेटण्याच्या सात वर्षं आधीचा आहे. 'बघा, हेही आपल्याकडूनच गेलं' असा मेसेज पुढे ढकलण्याइतका पुरावा नाही. प्रवास उलटा दिसतो: लांब, सावकाश सुरांची ओढ रायलीला आधी लागली, आणि ती पुरी करणारा गुरू नंतर सापडला.

तानपुऱ्याशी तुलनाही कुणी ना कुणी करतंच. दोन्हीकडे मागे अखंड सूर आहे एवढं खरं. पण तानपुरा तुम्ही काय गायलात हे लक्षात ठेवत नाही. ही टेप ठेवते. बेसूर लागला तर तानपुरा माफ करतो; टेप तोच बेसूर पाच सेकंदांनी तुमच्या कानाशी आणून ठेवते, आणि मग पुन्हा, आणि पुन्हा. पुसता येत नाही. करता येतं एवढंच, की पुढचा सूर असा लावायचा की मागचा चुकलेला सूर मुद्दाम लावल्यासारखा वाटेल. एक सांगायचं राहिलंच: हे सगळं वाजत असताना उजव्या रिळावर आपोआप साठत जातं. वादन संपलं की रेकॉर्डिंगही तयार. फ्रिप पुष्कळदा ते रीळ मागे गुंडाळून पुन्हा लावायचा आणि त्यावर वरून मोकळं वाजवायचा. स्वतःच्याच वादनावर स्वतःच साथ.

आलापीवर बंदिश

आता अल्बमकडे येऊ. फ्रिप दोन शब्द वापरायचा. नुसती टेप आणि गिटार, दुसरं काही नाही, तेव्हा ते 'शुद्ध' फ्रिपरट्रॉनिक्स. तेच एखाद्या गाण्याच्या पोटात घातलं की ते 'उपयोजित'. 'एक्स्पोजर'मध्ये दोन्ही आहेत, आणि माझ्या मते अल्बमची किल्ली या जोडीतच आहे.

आपल्या भाषेत सांगतो. बंदिश ठरलेली असते, आलापी त्या क्षणी सुचते. मैफलीत आलापी बंदिशीच्या आधी किंवा आत येते, आणि विरून जाते. आता कल्पना करा की एका गवयानं सकाळी केलेली आलापी टेप केली, आणि संध्याकाळी तीच मागे लावून तिच्यावर बंदिश गायली. आलापी आता विस्तार राहिली नाही. ती जमीन झाली. 'एक्स्पोजर'मध्ये गाण्यांच्या खाली जे ऑर्केस्ट्रासारखं पसरलेलं आहे ते फ्रिपनं कधीतरी, कुठल्याही गाण्याविना, सुचेल तसं वाजवलेलं असतं. गाणारा त्या जमिनीवर चालतो. सुचलेलं खाली, ठरवलेलं वर.

हे सर्वात स्वच्छ ऐकू येतं ते अल्बमच्या शेवटाकडे, आणि मी नव्या माणसाला तिथूनच सुरुवात करायला सांगतो. 'हिअर कम्स द फ्लड' हे इंग्लिश गायक पीटर गेब्रिएलचं गाणं. त्याच्या स्वतःच्या १९७७ च्या पहिल्या अल्बममध्ये, बॉब एझ्रिनच्या निर्मितीत, ते भव्य आहे: ढोल, गिटारी, पडदा फाडून येणारा कळस. गेब्रिएललाच पुढे ते जास्त झाल्यासारखं वाटलं. आता फ्रिपकडचं रूप ऐका. गेब्रिएल, त्याचा पियानो, आणि मागे टेपवर फिरणारे सूर. महापुराचं गाणं, पण पाणी गर्जत नाही. ते जिन्याच्या एकेका पायरीनं चढतं.

आणि त्या गाण्याच्या दोन्ही बाजूंना दोन तुकडे आहेत, 'वॉटर म्युझिक' एक आणि दोन. पहिला जेमतेम मिनिटभराचा: शुद्ध फ्रिपरट्रॉनिक्स, आणि वर बेनेट यांचा म्हातारा, शांत आवाज. ध्रुवांवरचा बर्फ वितळेल, समुद्र चढेल, मोठमोठी शहरं पाण्याखाली जातील, असं ते सांगताहेत, एखादा निवृत्त भूगोल शिक्षक सांगेल तसं. मग गाणं. मग दुसरा तुकडा, आता शब्द नाहीत, माणूस नाही, फक्त पाणी. तिन्ही सलग ऐकले की कळतं, गाणं आणि उत्स्फूर्त वादन हे इथे दोन विभाग नाहीत. तोच सूर आधी भाषणाखाली, मग गाण्याखाली, मग एकटा. पुरात गाव बुडतं, तसं गाणं त्यात बुडतं.

बाकीचा अल्बम इतका शांत नाही, आणि तो तसा का आहे याला थोडं कोर्टकचेरीछाप कारणही आहे. फ्रिपच्या डोक्यात तीन अल्बमांचा संच होता: गेब्रिएलचा दुसरा, जो त्यानं १९७८ मध्ये केला, 'हॉल अँड ओट्स' या जोडगोळीतल्या डॅरिल हॉलचा 'सेक्रेड साँग्ज', आणि हा स्वतःचा. हॉल म्हणजे रेडिओवर चालणारा गोड, दमदार सोल आवाज. 'एक्स्पोजर'मधली बहुतेक गाणी त्यानंच गायची होती. पण 'सेक्रेड साँग्ज' १९७७ मध्ये तयार होऊनही 'हे विकायचं कसं' म्हणून अडकून पडला आणि १९८० मध्ये बाहेर आला. 'एक्स्पोजर'वरही हॉलची दोनच गाणी राहू दिली गेली. उरलेली बहुतेक पीटर हॅमिल आणि टेरी रोश या गायकांनी गायली. हॉलच्या आवाजातली रूपं शेवटी २००६ च्या दोन सीडींच्या आवृत्तीत ऐकायला मिळाली.

आता एक अप्रिय मत. त्या अडवणुकीनं अल्बमचं भलंच झालं. हॉल सगळीकडे असता तर हा एक चतुर पॉप अल्बम झाला असता. हॅमिल गातो ते घसा सोलून, जणू कुणी त्याला गच्चीच्या कठड्यावर उभं केलंय. 'डिसएंगेज' ऐका. टेरी रोश, तीन बहिणींच्या 'द रोशेस'मधली, 'मेरी' गाते ते शेजारच्या खोलीत झोपलेलं मूल उठू नये इतकं हळू. शीर्षकगीतात तीच किंचाळते. आणि मध्येच हॉल 'नॉर्थ स्टार' गातो, मागे टेपचे सूर चांदण्यासारखे. एका माणसाच्या डोक्यातल्या निरनिराळ्या मनःस्थितींना निरनिराळे गळे मिळाले.

सुरांचे तुकडेही अल्बमांच्या मध्ये फिरत राहिले. 'एक्स्पोजर' हे शीर्षकगीत गेब्रिएलच्या १९७८ च्या अल्बममध्ये वेगळ्या रूपात आहे. 'अर्बन लँडस्केप' हा टेपचा काळवंडलेला तुकडा इथे आहे आणि हॉलच्या अल्बमवरही. तिथे त्याच्या पाठोपाठ एक अंगावर येणारं, वेडंवाकडं धावणारं गाणं येतं. तेच संगीत इथे 'एनवाय३' नावानं आहे, पण गायक नाही. त्याऐवजी एका कुटुंबाचं भांडण आहे. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागात फ्रिप राहत होता, तिथे शेजारच्या घरातलं कडाक्याचं भांडण त्यानं टेप केलं आणि वर बसवलं. वाड्यात किंवा चाळीत वाढलेल्याला भिंतीपलीकडून येणारं भांडण नवीन नाही. ते कान देऊन ऐकण्याची लाजही नवीन नाही. ते जगभर विकायला काढणं बरोबर होतं का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो, आणि तरी तो ट्रॅक मी पुढे ढकलत नाही.

स्टुडिओचा आणखी एक खेळ सांगतो, कारण तो ऐकणाऱ्याच्या कानातून हटकून निसटतो. पहिल्या 'वॉटर म्युझिक'च्या अगदी आधी एक ट्रॅक आहे, काही सेकंदांचा. नाव मात्र चांगलं लांबलचक: शेरबोर्न हाऊसच्या संस्थेचं पहिलं उद्घाटनपर भाषण. ऐकू येते ती नुसती चिवचिव. ते बेनेट यांचं पूर्ण भाषण आहे, टेप प्रचंड वेगानं पळवून दाबून बसवलेलं. काहीही गाळलेलं नाही, फक्त आपल्याला ऐकता येत नाही. मला हा विनोद वाटायचा. आता निम्माच वाटतो.

वाजवणारे कोण, तर यादी बघून छाती दडपते. बासवर टोनी लेव्हिन, ड्रमवर जेरी मरोटा, फिल कॉलिन्स, आणि नारद मायकल वॉल्डन. हो, नारद. न्यूयॉर्कमधले बंगाली गुरू श्री चिन्मय यांनी आपल्या या अमेरिकन शिष्याला दिलेलं नाव. हे महाशय आधी महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जाझ-रॉक बँडमध्ये ड्रम वाजवत होते, तेव्हा नारदांना महाविष्णूंकडून इकडे येणं काही अवघड गेलं नसावं. 'ब्रेथलेस' या बिनशब्दांच्या तुकड्यात त्यांची ताकद कळते. त्यातली लय सरळ चारची नाही. दाद्रा-केरव्याच्या कानाला ती अडखळल्यासारखी वाटेल, रूपक मोजायची सवय असेल तर पाय लवकर बसेल.

सगळंच ग्रेट आहे असं नाही. 'हाडेन टू' हा तुकडा मला आजही फुकट वाटतो: बोलण्याचे तुकडे, मुद्दाम रडका ठेवलेला सुरांचा क्रम, आणि त्यालाच नावं ठेवणारा ईनोचा आवाज. स्वतःची चेष्टा स्वतःच करून टीकाकारांचं तोंड बंद करायचं, हा जुना डाव आहे. 'यू बर्न मी अप आय ॲम अ सिगारेट' हे रॉक अँड रोल दोन-तीनदा ऐकल्यावर शिळं होतं. सुरुवातीलाच ते असल्यामुळे नव्या श्रोत्याची पार दिशाभूल होते ते वेगळंच.

तेव्हा ऐकायचा क्रम माझा असा. आधी शेवटाकडचे तीन पाण्याचे ट्रॅक सलग, हेडफोन लावून. मग 'नॉर्थ स्टार' आणि 'मेरी', लक्ष गायकाकडे न देता मागे. मागचा सूर किती सेकंदांनी परत येतोय ते मनात मोजून बघा. मोजता आलं की यंत्र कळलं. मग 'ब्रेथलेस' आणि 'डिसएंगेज', आवाज वाढवून. आणि मग एखाद्या रविवारी पहिल्यापासून शेवटपर्यंत, सतराही ट्रॅक.

अल्बम निघाला त्या वर्षी फ्रिप गिटार आणि दोन रिव्हॉक्स घेऊन एकटाच दौऱ्यावर निघाला. मोठे हॉल नाहीत. रेकॉर्डची दुकानं, रेस्टॉरंट, लहानसहान जागा, समोर जेमतेम मूठभर माणसं. बँड, ट्रक, तंबू असा बारदाना सांभाळणाऱ्या कंपन्यांपेक्षा लहान, चपळ आणि डोकं असलेलं एकक भविष्यात टिकेल, असं तो तेव्हा म्हणत होता. १९८१ मध्ये त्यानं किंग क्रिम्झन पुन्हा उभा केला, तो नव्या रूपात.

आज दोन रिव्हॉक्सची गरज नाही. हेच काम करणारं पेडल पायाखाली मावतं. इन्स्टाग्रामवर एकटी मुलगी स्वतःच्याच आवाजाचे पाच थर चढवून अभंग म्हणते, ते त्याच्यावरच.

माझ्या एका मित्राकडे असं पेडल आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्याकडे बसून मी पहिल्यांदा प्रयत्न केला. सा लावला, तो परत आला. ग लावला. प च्या जागी बोट घसरलं आणि काहीतरी भलतंच लागलं. पाच सेकंदांनी ते परत आलं, चांगलं ठणठणीत. मी त्याच्याभोवती एक-दोन सूर लावून बघितले, तिसऱ्या फेरीला ते जरा जागेवर बसल्यासारखं वाटायलाही लागलं होतं. तेवढ्यात मित्रानं वाकून पेडलवरचं 'अनडू'चं बटण दाबलं. माझा चुकलेला सूर गेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्याभोवतीचे ते दोनही.

"अरे, थांब की," मी म्हटलं.

"चुकलं होतं ना?" तो म्हणाला.